शाब्दिक उदाहरणातून फलाचा नियम

माध्यमिक शाळेतील विद्यार्थी समीकरण सोडविताना सहसा अडत नाही. तो अडतो ते मांडताना. शब्द ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने चिन्हे लिहीत जावे, अशी त्याची समजूत असते. ‘एका शिक्षकामागे तीस मुले’ हे विधान तो श = ३०म असे लिहितो. येथे श ही शिक्षकांची आणि म ही मुलांची संख्या असल्याने म = ३०श असे हवे. हा दोष आपल्याकडेच आढळतो असे नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना याच धर्तीचे उदाहरण घातले असता एक तृतीयांशाहून अधिक विद्यार्थी चुकले.

यावर उपाय म्हणून शब्द व चिन्हे यांच्यामध्ये एक पायरी घालावी. ‘जितके अमुक, त्यावरून तितके तमुक’ असे वाक्य विद्यार्थ्याकडून प्रथम वदवून घ्यावे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ ग्रंथात अज्ञात राशीस ‘यावत्तावत्’ म्हटले आहे. त्या शब्दाचा अर्थही जितके-तितके असाच आहे.

आदिलाबाद जिल्ह्यातील नार्नूरसारख्या कापूस पिकविणाऱ्या भागात याचे उदाहरण घरोघरी सापडते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत हा पूर्ण भाव ८ टक्के ओलाव्यास मिळे. त्यावरील प्रत्येक टक्क्यास ८१.१० रुपये कपात होई आणि १२ टक्क्यांहून अधिक ओला कापूस स्वीकारला जात नसे.

ओलावा क्ष टक्के व भाव य रुपये मानल्यास बरेच विद्यार्थी घाईने य = ८११० − ८१.१०क्ष असे लिहितील. या नियमात क्ष = ८ घालून पाहण्यास सांगावे. भाव ७४६१.२० येतो, वास्तविक तेथे कपातच नाही. क्विंटलमागे ६४८.८० रुपयांची ही तूट प्रत्येक ओलाव्यास तेवढीच राहते. ‘त्यावरील’ या शब्दाकडे दुर्लक्ष झाल्याचा हा परिणाम होय. मोजणी शून्यापासून नव्हे, आठापासून सुरू होते. म्हणून ‘आठाच्या वर जितके टक्के, तितक्या वेळा ८१.१० वजा’ हे वाक्य आधी तयार करावे. मग नियम आपोआप उतरतो :

य = ८११० − ८१.१०(क्ष − ८), ८ ≤ क्ष ≤ १२.

९ टक्क्यांस ८०२८.९०, १० टक्क्यांस ७९४७.८०, १२ टक्क्यांस ७७८५.६० हे भाव यातून मिळतात. कंस सोडविल्यास य = ८७५८.८० − ८१.१०क्ष असे रूप होते. ते बरोबर असले तरी ८७५८.८० हा भाव कोणत्याही कापसास मिळालेला नाही. शून्य ओलावा या फलाच्या प्रांतातच नाही. नियम शिकविताना कंसाचे रूपच फळ्यावर ठेवावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यात ८ हा आकडा स्पष्ट दिसतो. प्रांताची मर्यादाही लिहावयास लावावी, अन्यथा १५ टक्क्यांचाही भाव काढून विद्यार्थी मोकळा होतो.

यानंतर वजन न क्विंटल घेऊन एकूण रक्कम न × य अशी मांडावी. १० टक्के ओलाव्याच्या १२ क्विंटल कापसाचे ९५,३७३.६० रुपये होतात.

स्वाध्याय : एका काटापट्टीवर भाव ७८६६.७० रुपये लिहिला असून ओलाव्याची नोंद १२ टक्के आहे. दोन्ही आकडे परस्परांशी जुळतात काय, ते नियमाच्या आधारे तपासा.