चिप एकाच कुळातली

पिंपळगाव राजा

चि. सोनू,

दोन झिऑनवालं जुनं सर्व्हर स्वस्तात मिळतंय, ते घेऊ की रायझनचा नवा डेस्कटॉप, असं विचारलंस. सर्व्हरची चिप म्हणजे वरच्या जातीची, हे मनातून आधी काढ.

तू राहतोस त्या पुण्यातल्या सी-डॅकचंच बघ, महासंगणक बनवणाऱ्या सरकारी संस्थेचं. आपल्या वऱ्हाडातल्या मुरंब्याचे विजय भटकर तिचे प्रमुख असताना, १९९१ मध्ये, ट्रान्सप्युटर नावाच्या चिपा जोडून परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. १९९८ च्या परम १०००० मध्ये सनच्या अल्ट्रास्पार्क होत्या, पुढे परम पद्ममध्ये आयबीएमच्या पॉवर४. आणि २००८ च्या परम युवात? इंटेलचा झिऑन, घरोघरच्या पेंटियमच्या कुळातला! टेबलावरच्या चिपा अफाट खपल्या, त्या पैशावर नव्या पिढ्या निघत गेल्या. थोडा माल विकणाऱ्या बहुतेकांना तो खर्च झेपला नाही.

२०१९ पासून एएमडीनं तर एकच बी दोन्ही वावरांत पेरलं. आठ कोअरचे तेच तुकडे त्या पिढीच्या रायझनमध्ये दोनपर्यंत बसत, सर्व्हरच्या एपिकमध्ये आठपर्यंत. मोठा फरक पुरवठ्याचा: मेमरीच्या वाटा तेव्हा रायझनला दोन, एपिकला आठ. सोयाबीन काढताना तू पाहिलंयस, थ्रेशर कितीही मोठं असो, सुडीवरून काड टाकणारे दोघंच असले तर ते रिकामंच घरघरतं. पण तुझ्या प्रोग्रामात बहुतेक वेळ एकच कोअर राबतो. तिथं जुन्या झिऑनच्या वीस कोअरपैकी बाकीचे बसून राहतील आणि खोलीभाड्यावर विजेचं बिल चढेल.

एक गोष्ट मात्र सर्व्हरकडून शिक. मी एका पतसंस्थेत असताना साध्या डेस्कटॉपवर रात्रंदिवस हिशेब चालत. एका मार्चअखेरीस खतावणी जुळेना. दोन रात्री जागलो, शेवटी रॅमची पट्टी सदोष निघाली. लोकांच्या घामाचा पैसा होता रे तो; आजही आठवलं की जीव कासावीस होतो. सर्व्हरमधली ईसीसी मेमरी एक बिट फिरलं तर आपणच दुरुस्त करते, दोन फिरली तर निदान ओरडून सांगते. दुसऱ्याचा हिशेब किंवा औषधाची नोंद सांभाळायची वेळ येईल, तेव्हा तिच्यावर पैसा वाचवू नकोस.

सध्या डेस्कटॉपच घे. मदरबोर्डावर ईसीसी चालते का, तेवढं दुकानदाराकडून लिहून घे आणि पैसे देण्याआधी मॉडेल नंबर मला कळव.

तुझा,
मामा