सांडपाण्यातील धातू : पाणी निवळले, गाळाचे काय?

वसई-विरारपासून डहाणूपर्यंतच्या पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीवर भातशेती, बागायत व मासेमारी यांवर असंख्य कुटुंबांचा चरितार्थ चालतो. याच किनाऱ्यावर डहाणू येथे ५०० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक विद्युत केंद्र आहे. केंद्र शासनाने १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला. अशा परिसरात धुराबरोबरच सांडपाण्याचाही विचार अगत्याचा ठरतो.

दगडी कोळशात पारा, आर्सेनिक, सेलेनियम, शिसे इत्यादी द्रव्ये अत्यल्प प्रमाणात असतात. कोळसा जळतो, ही द्रव्ये नष्ट होत नाहीत. ती राखेत व धुरात उतरतात आणि राख वाहून नेणाऱ्या किंवा धूर धुणाऱ्या पाण्यात मिसळू शकतात. प्रमाण अल्प असले, तरी पारा माशांच्या शरीरात साठत जातो व अन्नातून माणसापर्यंत पोचतो.

शुद्धीकरणाची रीत

विरघळलेला धातू साध्या गाळणीने निघत नाही. म्हणून प्रथम पाण्यात चुना कालवून ते अल्कधर्मी करतात. त्यामुळे शिसे, तांबे व जस्त यांचे न विरघळणारे कण बनतात. फेरिक क्लोराइड घातल्यावर तयार होणाऱ्या लोहकणांना आर्सेनिक चिकटते. पाऱ्यासाठी सल्फाइडयुक्त द्रव्ये वापरतात. हे कण टाकीच्या तळाशी बसले, की वरचे पाणी वाळूच्या थरातून गाळून घेतात.

डहाणू केंद्रात २००७ मध्ये धुरातील गंधकाचा वायू समुद्राच्या पाण्याने धुण्याची यंत्रणा उभारण्यात आली. या पद्धतीत पाण्याचा साठा इतका प्रचंड असतो, की त्यावर वरील प्रक्रिया करणे व्यवहार्य नसते. म्हणून धूर पाण्यापर्यंत पोचण्यापूर्वीच त्यातील राख विद्युत यंत्रणेने पकडणे हाच तेथे मुख्य उपाय ठरतो.

गाळाची जबाबदारी

प्रक्रियेने धातू नाहीसे होत नाहीत. ते पाण्यातून गाळात जातात, एवढेच. असा गाळ उघड्यावर टाकल्यास पावसाच्या पाण्याबरोबर धातू पुन्हा शेतात व खाडीत उतरू शकतात. म्हणून तो अधिकृत घातक कचरा केंद्रातच गेला पाहिजे. तळोजा येथे अशी सुविधा आहे.

हाच नियम धातूंवर मुलामा देणाऱ्या लहान कारखान्यांनाही लागू पडतो. म्हणून पंचायत सदस्यांनी व अधिकाऱ्यांनी दोन प्रश्न अवश्य विचारावेत : पाण्यातील धातूंची तपासणी झाली काय? आणि निघालेला गाळ कोठे गेला? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याखेरीज पहिल्या उत्तरावर समाधान मानू नये.