शीण : आजोबांचा, बाबांचा आणि दादाचा

दुखणे कोणाला न दाखवता सोसत राहण्याला मराठीत ‘अंगावर काढणे’ असा फार अर्थपूर्ण शब्दप्रयोग आहे. आमच्या वसई-विरार परिसरात दोन पिढ्या एकाच खोलीत राहतात. एक पिढी म्हणते, आम्ही सारे अंगावर काढले, कधी तक्रार केली नाही. दुसरी म्हणते, माझा ‘बर्नआउट’ झाला आहे. आणि असे म्हटल्याबद्दल पहिलीची बोलणी खाते. समाजशास्त्राची विद्यार्थिनी या नात्याने मला हा वाद अभ्यासण्याजोगा वाटला. तो आमच्याच घरात रात्रीच्या जेवणाच्या वेळी चालत असल्यामुळे अभ्यासासाठी फार लांब जावे लागले नाही.

प्रथम शब्दाविषयी. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञाने हा शब्द शास्त्रीय लेखनात आणला. मोफत दवाखान्यात सेवाभावाने राबणारी माणसे काही काळाने आतून विझल्यासारखी होतात, असे त्याला दिसले होते. पुढे क्रिस्टिना मॅस्लाक या विदुषीने या अवस्थेचे मोजमाप बसवले. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगांच्या वर्गीकरणात तिला जागा दिली, पण रोग म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून. शक्ती संपून जाणे, कामावरून मन उडणे आणि आपल्या हातून काहीच धड होत नाही असे वाटू लागणे, ही तिची लक्षणे. तिचे मूळ मात्र कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न आवरलेल्या ताणात आहे, असे संघटना सांगते. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण आमच्या घरातल्या वादात नेमका तोच कोणी मांडत नाही.

माझा दादा चोवीस वर्षांचा आहे. बारावीनंतर तो नोकरीला लागला. (महाविद्यालयाची पायरी चढणारी घरातली मी पहिलीच, आणि माझी फी त्याच्या पगारातून जाते, हे येथे सांगितलेच पाहिजे.) अंधेरीतील एका कंपनीत तो दिवसभर कानाला यंत्र लावून ग्राहकांच्या तक्रारी ऐकतो. प्रत्येक संभाषणाची मिनिटे पडद्यावर मोजली जातात, लघवीला गेल्याचीही. सकाळी नालासोपाऱ्याला गाडीत शिरता येत नाही म्हणून तो आधी उलटा विरारला जातो आणि तिथून जागा धरतो. आमच्याकडे हे इतके नेहमीचे आहे की त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. घरी आल्यावर रात्री अकरापर्यंत मोबाईलवर साहेबांचे निरोप येत राहतात. गेल्या पावसाळ्यापासून त्याची झोप उडाली आहे. सुट्टीच्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून पडून राहतो.

बाबा वालीवच्या एका गाळ्यात बावीस वर्षे लेथ मशीन चालवत आहेत. त्यांना उजव्या कानाने कमी ऐकू येते. ते म्हणतात, “आम्हाला काय ताण नव्हता? चहा मारायचा नि पुन्हा मशीनवर उभं राहायचं. तुला तर बसायला खुर्ची आहे, वर पंखा आहे.” दादा म्हणतो, “बाबा, तुमचं मशीन पाच वाजता बंद होतं. माझं खिशात बसून घरी येतं.” मला दोघांचेही म्हणणे पटते, आणि तीच खरी अडचण आहे. आई पहाटे चारला उठून पोळी-भाजी केंद्रात कामाला जाते. तिच्या शिणाविषयी या वादात अद्याप कोणी चकार शब्द काढलेला नाही.

आता जुन्या पिढीने खरोखरच तक्रार केली नव्हती काय, हे पाहू. इतिहास तर वेगळेच सांगतो. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केले. रविवारी पूर्ण सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी, अशा मागण्यांच्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर मोठी सभा झाली, तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. म्हणजे ज्या रविवारी बाबा दुपारी निवांत झोपतात, तो रविवार कोणी अंगावर काढून मिळालेला नाही. थकलो आहोत असे हजारो माणसांनी एकदम सांगितले, तेव्हा तो मिळाला.

आमचे आजोबा परळच्या एका गिरणीत बदली कामगार होते. रोज सकाळी दारात उभे राहायचे, काम मिळाले तर मिळाले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यांत तेही होते. मागण्या पगाराच्या, बोनसच्या आणि बदली कामगारांना कायम करण्याच्या होत्या. संप फसला, गिरण्या गेल्या आणि आजोबा खोली विकून नालासोपाऱ्याला आले. कामाचा शीण तेव्हा कुठे उतरत असे, असे मी त्यांना विचारले. त्यांनी चाळीतले भजन, खानावळीतल्या गप्पा आणि युनियनच्या कचेरीसमोरचा ओटा अशी ठिकाणे सांगितली. भजनी मंडळी आजही आमच्या लोकलमध्ये टाळ घेऊन बसतात, पण त्यांत दादाच्या वयाची मुले मला फारशी दिसत नाहीत. ती कानात गाणी घालून एकेकटी उभी असतात.

मला वाटते, खरा फरक येथे आहे. जुन्यांना शब्द नव्हता, पण सोबत होती. नव्यांना शब्द मिळाला, सोबत सुटली. बाबांच्या मते ताण हा मनाचा कमकुवतपणा आहे. दादाच्या मते तो त्याच्या एकट्याच्या मनाचा आजार आहे. दोघेही त्याचे कारण माणसातच शोधतात, त्यामुळे कामाचे ठिकाण सहीसलामत सुटते.

हा प्रश्न केवळ लोकलने जाणाऱ्यांचा नाही. जुलै २०२४ मध्ये पुण्यात, एका बड्या लेखापरीक्षण संस्थेत लागून चारच महिने झालेली सव्वीस वर्षांची चार्टर्ड अकाउंटंट तरुणी मरण पावली. कामाच्या ओझ्याविषयी तिच्या आईने संस्थेच्या अध्यक्षांना लिहिलेले पत्र त्या सप्टेंबरात देशभर वाचले गेले. त्याच्या आधी, २०२३ साली, नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचवले होते. पत्रानंतर चारच महिन्यांनी, जानेवारी २०२५ मध्ये, लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे ९० तासांविषयीचे उद्गार गाजले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. त्यासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असे तेव्हा सांगण्यात आले. मालक समोर उभा असताना ती संमती कितपत स्वखुशीची असेल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

दादाच्या झोपेसाठी आम्ही १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर फोन लावला. ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य चालते आणि मराठीतही बोलता येते. समुपदेशक बाईंनी शांतपणे ऐकून घेतले, त्याचा दादाला उपयोग झाला. पण रात्री अकराचा निरोप काही त्या फोनने थांबणार नव्हता. म्हणून त्याने आणि त्याच्या बरोबरच्या मुलांनी मिळून कंपनीकडे अर्ज केला आहे, की पाळी संपल्यावर आलेल्या निरोपांना उत्तर देणे सक्तीचे नसावे. अर्जाचा मसुदा मी लिहिला. आजोबांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि सह्या किती झाल्या असे विचारले. सात झाल्या होत्या. आणखी चार जण तयार आहेत, पण घाबरतात. नोकरी सोडण्याला बाबांचा अजूनही विरोध आहे, अर्जाला नाही. कंपनीचे उत्तर हा लेख छापायला देईपर्यंत आलेले नाही.