गावतलावातील मांसाहारी मासे व बोटुकलीची जोपासना

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील माजी मालगुजारी तलाव मुख्यत्वे धानाच्या ओलितासाठी बांधले गेले. तथापि धीवर बांधवांच्या अनेक सहकारी संस्थांचा संसार या तलावांतील मासळीवरच चालतो. संस्था ठेक्याची रक्कम भरते, प्रसंगी उसनवारी करून मत्स्यबीज आणते व पावसाळ्यात ते तलावात सोडते. पुढील उन्हाळ्यात जाळे ओढावे, तो कटला, रोहू व मृगळ मोजकेच हाती लागतात. मग बीज निकृष्ट होते असा ठपका बीज पुरविणाऱ्यावर येतो. तो क्वचित खराही असतो. परंतु पुष्कळदा बीज उत्तम असते आणि तलावात आधीपासून राहणाऱ्या मांसाहारी माशांनी ते पहिल्या काही आठवड्यांतच फस्त केलेले असते.

या माशांत शिवडा अग्रगण्य होय. याच्या अंगावर खवले नसतात. तोंडाची चीर डोळ्याच्याही मागे गेलेली असते व जबड्यांत बारीक दातांच्या दाट ओळी असतात. मिशांच्या दोन जोड्यांपैकी वरची जोडी बरीच लांब असते. पोटाखालचा पर शेपटीपर्यंत लांबच लांब जातो. भक्ष्य तो सबंध गिळतो. त्याच्या खालोखाल मरळ. ही खवल्यांची असून हवेतील प्राणवायू घेऊ शकते, म्हणून तलाव आटून चिखल उरला तरी तग धरते. शिंगाळा हा चार जोड्या मिशांचा, तळाशी वावरणारा मासा; तो लहान मासे खातो खरा, पण किडे व गोगलगाईंवरही त्याचा बराच निर्वाह होतो. वागूर त्याहून निरुपद्रवी समजावा. मिशा दिसल्या की शत्रू, असा जो समज काही ठिकाणी आढळतो तो बरोबर नाही. मरळीला तर मिशाच नसतात!

आपल्या तलावात नेमके काय घडते आहे हे पाहण्याचा सोपा मार्ग ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी संस्थेच्या सभासदांना प्रत्यक्ष करून दाखवावा. पकडलेल्या शिवडा व मरळींपैकी आठदहा माशांची पोटे फाडून आतील भक्ष्य परातीत काढावे. त्यात तलावातील क्षुद्र मासळी व झिंगे अधिक आहेत की कटला-रोहूची पिले, हे जुन्या जाणत्या धीवराला तत्काळ ओळखू येते. बीज सोडल्यानंतर पंधरा दिवसांनी व पुन्हा महिन्याने ही पाहणी केल्यास वादाला जागा राहत नाही. माशाचे वजन व पोटातील जिनसा वहीत टिपून ठेवाव्यात.

मत्स्यबीजाच्या तीन अवस्था लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. नुकतेच अंड्यातून निघालेले, ५ ते ८ मिलिमीटर लांबीचे ते मत्स्यजिरे. सुमारे २५ मिलिमीटरचे ते मत्स्यबीज. आणि ७५ ते १०० मिलिमीटरची, म्हणजे साधारण बोटाएवढी, ती बोटुकली. जिरे व बीज स्वस्त पडते, म्हणून संस्थांचा ओढा तिकडे असतो. परंतु शिवडा व मरळ पावसाच्या आरंभीच अंडी घालतात. ऑगस्टमध्ये बीज तलावात पडते तेव्हा त्यांची पिले शिकारीस योग्य झालेली असतात. म्हणजे बीजाला मोठ्या माशांचेच नव्हे, तर या पिलांचेही भय असते. बोटुकलीला निदान पिलांपासून तरी अभय मिळते. स्वस्त बीज शेवटी महाग पडते, ते असे.

यास्तव बीज थेट तलावात न सोडता शेजारच्या लहान तळ्यात दोन ते तीन महिने वाढवावे. या संगोपन तळ्यात एकही मांसाहारी मासा उरता कामा नये. तळे कोरडे करता येत असेल तर उन्हाळ्यात कडक वाळवावे. ते शक्य नसल्यास मोहाची पेंड वापरावी. प्रमाण हेक्टरी एक मीटर खोल पाण्यास २,५०० किलो. उदाहरणार्थ, १० गुंठ्यांच्या तळ्यात एक मीटर पाणी असल्यास सुमारे २५० किलो पेंड लागेल. पाणी अर्धा मीटर असल्यास १२५ किलो पुरेल. पेंड भिजवून सर्वत्र सारखी फेकावी व जाळे ओढून पाणी ढवळावे. मेलेले मासे खाण्यास चालतात. पेंडीचा विषारी अंश दोन ते तीन आठवड्यांत नाहीसा होतो व पुढे तिचे खत होते. तोपर्यंत बीज सोडू नये आणि गुरांना तेथे पाण्यावर नेऊ नये. एवढ्या तळ्यात २०,००० बीज सोडून त्यातील १२,००० जरी बोटुकलीपर्यंत जगले, तरी हेक्टरी १,००० या हिशेबाने १२ हेक्टरच्या तलावास ते पुरेसे होते.

पेंडीचा हा उपाय केवळ संगोपन तळ्यापुरता आहे. मोठ्या तलावात तो करू नये; कीटकनाशके ओतून मासे मारणे तर सर्वथा निषिद्ध होय. त्या तलावातील लहान मासळी गरीब कुटुंबांच्या रोजच्या ताटात असते व गावाची गुरे तेच पाणी पितात. तेथे एप्रिल-मे महिन्यांत पाणी कमी असताना ओढजाळे दोनतीनदा फिरवून व गळ लावून शिवडा आणि मरळ काढून विकावी. मरळीला बाजारात भाव चांगला मिळतो. निर्मूलनाचा आग्रह मात्र धरू नये. शिवड्याची संख्या सर्वत्र घटत असून आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला 'असुरक्षित' जातींत गणले आहे. नदीत व मोठ्या धरणांत तो राहिलाच पाहिजे.

मांसाहारी मासा काही पाण्यांत मुद्दाम सोडलाही जातो. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना राज्यात १९४१-४२ च्या सुमारास धरणे होऊन मॅरियन व मोल्ट्री ही सरोवरे तयार झाली. पट्टेरी बास हा मूळचा समुद्रात राहून अंडी घालण्यास नदीत येणारा मासा. तो या सरोवरांत कायमचा राहून वाढू लागला व वरच्या नद्यांत वीण करू लागला. तेथे शॅड जातीची लहान मासळी विपुल होती, तीवर तो पोसला गेला. हे पाहून इतर राज्यांनीही आपल्या जलाशयांत त्याचे बीज सोडले. परंतु त्याची अंडी उबण्यास सुमारे दोन दिवस वाहत्या पाण्यात तरंगत राहावी लागतात. लांब वाहती नदी नसलेल्या जलाशयांत त्याची वीण होत नाही व बीज पुनःपुन्हा सोडावे लागते. आपले कटला व रोहूही साचलेल्या तलावात सहसा वीत नाहीत. फरक एवढाच की, तेथे क्षुद्र मासळी खाण्यासाठी शिकारी मासा सोडला जातो. आपल्याकडे संस्थेने पैसे मोजून आणलेले बीजच शिकाऱ्याच्या तोंडी जाते.

बीजाबरोबर 'थाई मांगूर' या नावाने येणारा आफ्रिकी मागूर घेऊ नये. तो अत्यंत खादाड असून त्याच्या संवर्धनावर देशात बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादानेही त्याचे साठे नष्ट करण्याचे आदेश दिले आहेत. जलद वाढीच्या आमिषाने तो शेततळ्यात आणला जातो आणि पुरात निसटून नाल्यात, तेथून तलावात शिरतो.

बोटुकली सोडण्यास सकाळची अथवा सायंकाळची वेळ पसंत करावी. पिशव्या १५ ते २० मिनिटे तलावाच्या पाण्यावर तरंगत ठेवाव्यात, नंतर तोंड उघडून तलावाचे पाणी थोडे थोडे आत घ्यावे व पिले आपणहून बाहेर जाऊ द्यावीत. तत्पूर्वी सांडव्यावर व नाल्याच्या मुखाशी जाळी बसवावी. पुराचा कचरा अडकून ती फुटते, म्हणून पाऊस चालू असेपर्यंत दररोज एका सभासदाने ती झाडून काढण्याची पाळी लावून घ्यावी.