कर्जाची गाय

कर्ज म्हटलें कीं सावकाराची वही व गहाण पडलेलें शेत हींच चित्रें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांचे दस्तऐवज जाळले; तो क्षोभ उगाच नव्हता. परंतु ज्या कर्जानें घर बुडतें त्याच कर्जानें तें उभेंहि राहतें. हें कसें, तें पाहण्यासाठीं आपण थोडा वेळ जर्मनींत जाऊं.

तेथें ऱ्हाइन नदीजवळील डोंगराळ मुलखांत फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझेन हे कांहीं गांवांचे मुख्य कारभारी होते. गरीब शेतकऱ्याच्या घरीं गाय असली तर दूध, लोणी व शेतास खत मिळे. नसली तर नुसती खडकाळ जमीन. गुरांचे व्यापारी उधारीवर गाय देत, पण अटी अशा कीं शेवटीं गायहि जाई व देणें मात्र उरे. १८४९ सालीं फ्लामर्सफेल्ड येथें रायफायझेन यांनीं एक मंडळी स्थापिली. सधन गांवकऱ्यांनीं जामीन राहावें, त्या पतीवर मिळालेल्या पैशांतून मंडळीनें गुरें विकत घ्यावीं, व शेतकऱ्यानें किंमत पांच वर्षांच्या हप्त्यांनीं फेडावी, अशी ही योजना होती. यांतील मर्म त्या पांच वर्षांत आहे. गाय आपली किंमत एका सुगींत देत नाहीं. दुधाच्या धारेबरोबर थोडीथोडी देते. हप्ता त्या धारेच्या मानानें असला तर तो जड वाटत नाहीं.

तरीहि एक उणीव राहिली. देणारे निराळे व घेणारे निराळे. त्यामुळें देणाऱ्यांचा उत्साह हळूहळू ओसरला. म्हणून १८६४ सालच्या हेडेसडॉर्फ येथील पतपेढींत कर्ज घेणाऱ्यानें स्वतः सभासद व्हावें व सर्वांनीं परस्परांच्या देण्यास जबाबदार राहावें, असें ठरलें. गाईस वेळेवर चारा कोण घालील व हप्त्याचे पैसे गुत्त्यांत कोण उडवील, हें शेजाऱ्याइतकें कोणास ठाऊक असतें?

हिंदुस्थानांत मद्रास इलाख्यासाठीं लिहिलेल्या आपल्या अहवालांत फ्रेडरिक निकल्सन यांनीं याच पद्धतीचा पुरस्कार केला, आणि १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. पुढें १९९८ सालीं पिकांसाठीं निघालेल्या किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९ पासून पशुपालन व मासेमारी यांसहि मिळूं लागली. चारा व पेंड यांचा खर्च तींतून भागवितां येतो.

मात्र कर्ज काढण्यापूर्वीं पालकांनीं एक हिशेब अवश्य करावा. वर्षांतील कांहीं महिने जनावर भाकड असतें. चारा तेव्हांहि लागतो व हप्ताहि चुकत नाहीं. म्हणून जाणते शेतकरी जमेल तर दोन जनावरें पाळतात, आणि तीं एकाच वेळीं आटणार नाहींत अशा बेतानें घेतात.