शिक्का नसलेली भुतं

प्रश्न : अमेरिकेतल्या मामांनी ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ या भयकॉमिकचा जुना अंक दिलाय. पानं पिवळी पडलीत, पिना गंजल्यात. तो सेन्सॉरपूर्वीचा आहे हे कसं ओळखू? फाटलेल्या कडांना चिकटपट्टी लावू का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : चिकटपट्टी अजिबात नको! तिचा गोंद कागदात मुरतो आणि डाग कायमचा राहतो.

तुम्ही म्हणता ते सेन्सॉर, म्हणजे कॉमिक्स कोड, 1954 साली आला. त्यानंतर मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात टपाल तिकिटासारखा मंजुरीचा शिक्का दिसू लागला. पण शिक्का नाही म्हणून हुरळून जाऊ नका. पुनर्मुद्रणांवरही जुनंच मुखपृष्ठ असतं. मूळ किंमत 10 सेंट. आतल्या बारीक छपाईतलं साल आणि प्रकाशकाचं नाव भिंगाने वाचा.

मग निवांत चित्रं बघा. चित्रकार ग्रॅहम इंगल्सची प्रेतं चिखलातून ओघळत येतात. दुसरा चित्रकार जॉनी क्रेग, त्याची रेषा मात्र स्वच्छ, इस्त्री केल्यासारखी. मला तीच जास्त घाबरवते. ‘क्राइम सस्पेन्सस्टोरीज’ या कॉमिकवरचं त्याचं कुऱ्हाड आणि तुटलेल्या मुंडक्याचं मुखपृष्ठ 1954 मध्ये अमेरिकी सिनेटच्या कॉमिक्सविषयीच्या चौकशीत पुढे ठेवलं गेलं, तेव्हा प्रकाशक बिल गेन्स यांनी भयकॉमिकसाठी ते अभिरुचीला धरूनच असल्याचं सांगितलं. सिनेटरांना ते काही पटलं नाही.

आता जपणुकीचं. तुमच्या अंकाचा कागद वर्तमानपत्राचा, आतल्या आम्लानेच झिजणारा. अंक आम्लमुक्त पुठ्ठ्यासह मायलारच्या पाकिटात घालून कोरड्या, अंधाऱ्या कपाटात ठेवा. पावसाळ्यात तिथे सिलिका जेलच्या पुड्या टाका. पिना स्वतः काढू नका. आणि लॅमिनेशनवाल्याकडे तर फिरकूही नका.