पानाचे छायाचित्र, यंत्राचे निदान आणि शेतातील वास्तव

कृत्रिम बुद्धिमत्तेवरील विद्यापीठीय सेमिनारमध्ये विद्यार्थी एखादा शोधनिबंध निवडतो, त्यातील दावा मांडतो आणि तो कोणत्या मर्यादेत खरा आहे हे तपासतो. पीकरोग ओळखणारी मोबाईल ॲप गावोगावी पोहोचत असताना विस्तार कार्यकर्त्यांनीही ही शिस्त आत्मसात करणे आवश्यक आहे. त्यासाठी एक गाजलेला शोधनिबंध अभ्यासू.

दावा

मोहंती, ह्यूज व सलाते यांनी २०१६ मध्ये ‘प्लांटव्हिलेज’ या संग्रहातील ५४,३०६ छायाचित्रांवर संगणकास प्रशिक्षण दिले. त्यात १४ पिके व २६ रोग होते. प्रशिक्षणातून वगळलेल्या छायाचित्रांवर चाचणी घेतली असता सर्वोत्तम प्रारूपाची अचूकता ९९.३५ टक्के आढळली.

चिकित्सा

या संग्रहातील पाने झाडावरून तोडून साध्या पार्श्वभूमीवर ठेवून टिपलेली होती. चाचणीची छायाचित्रेही त्याच संग्रहातील होती. म्हणजे सराव-प्रश्नसंचातूनच परीक्षा घेण्यासारखे झाले. वेगळ्या परिस्थितीत काढलेली छायाचित्रे दिल्यावर अचूकता सुमारे ३१ टक्क्यांवर आली, हे संशोधकांनी स्वतःच प्रामाणिकपणे नोंदविले आहे.

पुढे २०२२ मध्ये नोयान यांनी याच संग्रहातील प्रत्येक छायाचित्राच्या पार्श्वभूमीचे केवळ ८ बिंदू घेऊन प्रारूप तयार केले. पान न पाहताही त्याने ४९ टक्के उत्तरे बरोबर दिली. निव्वळ अंदाजाने ती २.६ टक्केच आली असती. याचा अर्थ, यंत्र रोगाऐवजी छायाचित्र काढण्याच्या पद्धतीतील खुणाही शिकू शकते.

आणखी एक बाब लक्षणीय आहे. या संग्रहात भात, कापूस व तूर नाहीत, तर सोयाबीनची केवळ निरोगी पाने आहेत. एवढ्याच माहितीवर शिकलेले यंत्र सोयाबीनवरील तांबेरा कधीही ओळखू शकणार नाही. जे शिकविले नाही, ते यंत्राला ठाऊक नसते. तरीही ते शिकविलेल्या उत्तरांपैकी एक निवडून देते.

शेतकऱ्याचे नुकसान कोठे होते?

टोमॅटोवरील लीफ कर्ल हा विषाणूजन्य रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो. त्यास बुरशीजन्य रोग समजून बुरशीनाशक फवारल्यास खर्च वाया जातो आणि दरम्यान पांढरी माशी रोग पसरवीत राहते. चुकीच्या निदानाची किंमत यंत्र नव्हे, शेतकरी मोजतो.

एकूण अचूकतेचा आकडाही फसवा ठरू शकतो. समजा, १०० पानांपैकी ५ रोगट आहेत आणि ॲपने सर्वच निरोगी ठरविली. अचूकता ९५ टक्के भरते, परंतु एकही रोगट पान सापडलेले नसते. म्हणून ‘रोगट पानांपैकी किती ओळखली?’ हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा.

शिफारशीपूर्वी करावयाची तपासणी

१. ॲपला आपल्या भागातील कोणती पिके व कोणते रोग शिकविले आहेत, याची माहिती घ्यावी.
२. चाचणी प्रत्यक्ष शेतातील छायाचित्रांवर झाली आहे काय, हे पाहावे.
३. परिसरातील रोगट व निरोगी झाडांची छायाचित्रे सकाळी, दुपारी, वेगवेगळ्या मोबाईलवर काढून ॲपचे उत्तर नोंदवावे. त्याच झाडांचे निदान कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञाकडून करून घ्यावे व दोहोंची तुलना रोगनिहाय करावी.
४. खात्री नसताना ॲप तसे सांगते काय, हे तपासावे. पिकाऐवजी तणाचे पान दाखवून ही परीक्षा सहज घेता येते.
५. केवळ ॲपच्या उत्तरावरून फवारणीचा सल्ला देऊ नये. पानाची खालची बाजू, खोड, मुळे आणि शेतातील प्रादुर्भावाचा विस्तार प्रत्यक्ष पाहावा.

कृत्रिम बुद्धिमत्ता हे उपयुक्त साधन आहे. दूरच्या शेतातील पहिली शंका ती लवकर लक्षात आणून देऊ शकते. मात्र त्या शंकेचे निदानात रूपांतर करण्याची जबाबदारी बांधावर उभ्या असलेल्या जाणकार कार्यकर्त्याचीच राहते.